हळदीच्या ड्रायरवरील डाटा लॉगर दर उन्हाळ्यात चुकीचे तापमान दाखवतो : कारणे, तपासणीचा क्रम आणि उपाय

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात आमच्या शेतकरी गटाची हळद वाळवण्याची शेड आहे. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि आमच्याकडून माल घेणारे काही खरेदीदार आता वाळवणीच्या तापमानाची लेखी नोंद मागतात. शिजवलेली हळद यंत्रात वाळवताना हवेचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये, असा दंडक आहे. तो पाळल्याचे दाखवता यावे म्हणून ड्रायरच्या वेगवेगळ्या थरांत के-प्रकारचे अकरा थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचे सेन्सर, जे टोक आणि लॉगरची टर्मिनलपट्टी यांच्या तापमानातील फरकानुसार सूक्ष्म व्होल्टेज देतात) बसवून ते सोळा चॅनलच्या डाटा लॉगरला, म्हणजे आकडे आपोआप नोंदवणाऱ्या यंत्राला, जोडले आणि लॉगर यूएसबी केबलने ऑफिसच्या खोलीतील लॅपटॉपला जोडला. यंत्र साधेच आहे. तरीही सलग तीन हंगाम एकच बिघाड आम्हाला पुन्हा पुन्हा छळत राहिला. त्याचा माग कसा काढला ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण विदर्भात जिथे काळी जमीन, थ्री फेजचे वेळापत्रक आणि पत्र्याची शेड एकत्र येतात, तिथे हाच बिघाड इतरांनाही भेटण्याची शक्यता बरीच आहे.

लक्षण असे होते. हळद ५५ अंशांच्या आसपास वाळत असताना स्क्रीनवरील पाच-सहा चॅनल अचानक ३० अंश, मग ९० अंश, मग पुन्हा ५० अंश असे उड्या मारू लागत. काही चॅनल 'मर्यादेबाहेर' असा संदेश देत. त्याहून फसवा प्रकार म्हणजे एखाददुसऱ्या चॅनलवर तापमान वीस-वीस सेकंदांच्या संथ लाटेत वर-खाली होताना दिसे आणि ते अगदी खरे वाटे. फेब्रुवारीत हा त्रास तुरळक असे, एप्रिलमध्ये असह्य होई आणि पावसाळ्यात शोधूनही सापडत नसे.

पहिल्या हंगामात आम्ही सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी मार्ग घेतला, तो म्हणजे यंत्र खराब समजून मे महिन्यात दुरुस्तीला पाठवले. ते जुलैत 'दोष आढळला नाही' अशा शेऱ्यासह परत आले. आम्ही ड्रायर रिकामाच दोन तास चालवून पाहिला, सर्व आकडे स्थिर आले, आणि प्रश्न सुटला असे मानून मोकळे झालो. पुढच्या फेब्रुवारीत तो जसाच्या तसा परत आला.

खरा धागा शेडवरील सालदार काकांनी दिला. "थ्री फेज आली का हे नाचाले लागते, भाऊ," असे ते दोन-तीनदा बोलले होते, पण आम्ही सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये गुंतलेलो असल्यामुळे ते कानाआड केले. आमच्या भागात थ्री फेज वीज काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री मिळते. ऑफिसची सिंगल फेज जोडणी मात्र वेगळी आहे आणि ती जवळपास दिवसभर असते. काकांच्या बोलण्यावरून आम्ही एका वहीत थ्री फेज येण्या-जाण्याच्या वेळा लिहायला घेतल्या आणि आठ दिवसांनी त्या लॉगरच्या फाइलशी ताडून पाहिल्या. उड्यांची सुरुवात आणि शेवट थ्री फेजच्या वेळेशी मिनिटाच्या फरकाने जुळत होता. ज्या रात्री लाइन आलीच नाही, त्या रात्री थंड होत जाणाऱ्या ड्रायरचा आलेख लोण्यासारखा सरळ उतरला होता. ही वही आधीच ठेवली असती तर एक हंगाम वाचला असता.

थर्मोकपलचा संकेत किती लहान असतो

पुढचे समजण्यासाठी एक हिशेब आवश्यक आहे. के-प्रकारचा थर्मोकपल एका अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतो, म्हणजे फक्त एक मिलिव्होल्टची भेसळ झाली की आकडा सुमारे २५ अंशांनी चुकतो. हाच हिशेब यंत्राची रेंज निवडतानाही लागतो. १६ बिटचे यंत्र उणे १० ते अधिक १० व्होल्ट या रेंजवर ठेवले, तर २० व्होल्टचे ६५,५३६ भाग पडतात आणि एक पायरी सुमारे ३०५ मायक्रोव्होल्टची, म्हणजे साडेसात अंशांची होते. तेच यंत्र उणे-अधिक ८० मिलिव्होल्टच्या जवळपासच्या रेंजवर ठेवले, तर पायरी अडीच मायक्रोव्होल्टच्या आत येते आणि अंशाचा सोळावा-सतरावा भागही दिसू शकतो. नव्या यंत्रावर पहिल्याच दिवशी सर्व चॅनल सात-आठ अंशांच्या पायऱ्यांनी बदलत असतील, तर बिघाड शोधू नये, रेंज बदलावी.

आमची रेंज बरोबर होती. चुकली होती ती जोडणीची पद्धत. बाजारात 'सोळा चॅनल' म्हणून मिळणारी अनेक यंत्रे सोळा चॅनल तेव्हाच देतात, जेव्हा प्रत्येक सेन्सरची एकच तार स्वतंत्र असते आणि दुसरी तार यंत्राच्या सामाईक ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्ट मानलेल्या टर्मिनलला, जाते. दोन्ही तारांमधील फरक मोजायचा, म्हणजे डिफरन्शियल जोडणी करायची, तर एका सेन्सरला दोन टर्मिनल लागतात आणि सोळाचे आठ होतात. अकरा सेन्सर बसावेत या हव्यासाने आम्ही पहिली पद्धत घेतली होती. शिवाय आमचे थर्मोकपल असे होते की त्यांचे टोक स्टीलच्या नळीला आतून जोडलेले होते आणि ती नळी ड्रायरच्या लोखंडी सांगाड्याला घट्ट आवळलेली होती. असे थर्मोकपल तापमानाला लवकर प्रतिसाद देतात, म्हणून दुकानदार तेच सुचवतात. पण त्यामुळे ड्रायरचा सांगाडा आणि यंत्राचे ग्राउंड थर्मोकपलच्याच तारेने एकमेकांना जोडले जातात. सांगाड्याचे अर्थिंग शेडमागच्या खड्ड्यात आणि लॅपटॉपच्या तीन पिनांच्या चार्जरचे अर्थिंग ऑफिसच्या खड्ड्यात, असे असल्यास त्या दोन खड्ड्यांच्या विद्युत पातळीत जो फरक असेल, तो त्या बारीक तारेतून प्रवाह ढकलतो. तारेचा रोध पाच ओहम धरला आणि एक मिलिअँपिअर प्रवाह वाहिला, तरी पाच मिलिव्होल्ट, म्हणजे सव्वाशे अंशांची भेसळ झाली.

हा प्रवाह ५० हर्ट्झचा असतो आणि संथ लाटेचे कोडे येथेच सुटते. यंत्र सेकंदाला एक नमुना घेत असेल आणि विजेची वारंवारता त्या क्षणी बरोबर ५० न राहता ४९.९५ असेल, तर प्रत्येक नमुना लाटेवरच्या किंचित पुढच्या बिंदूवर पडतो, आणि वेगाने धावणारी ती लाट कागदावर २० सेकंदांची संथ लाट होऊन उमटते. हळदीच्या थरातील तापमान वीस सेकंदांत दहा अंश चढत-उतरत नाही, हे आमच्या लक्षात यायला हवे होते.

दुसरा हंगाम : अर्धा उपाय

दुसऱ्या वर्षी चार सेन्सर काढून टाकले, सात सेन्सर डिफरन्शियल पद्धतीने जोडले आणि आठव्या चॅनलच्या दोन्ही टर्मिनलांमध्ये तांब्याच्या तारेचा तुकडा टाकून तो यंत्राच्या ग्राउंडला जोडला. या बांधून टाकलेल्या चॅनलने शून्य मिलिव्होल्ट, म्हणजे टर्मिनलपट्टीचेच तापमान दाखवले पाहिजे. ते हलले तर दोष सेन्सरमध्ये नाही, हे एका नजरेत कळते. एक चॅनल असा वाया घालवणे जिवावर येते, पण माझ्या मते प्रत्येक लॉगरवर तो असलाच पाहिजे.

त्याच वेळी प्रत्येक नमुन्याचा मोजणी-काळ २० मिलिसेकंद केला. ५० हर्ट्झची एक पूर्ण लाट २० मिलिसेकंदांची असल्यामुळे तिचा वरचा आणि खालचा भाग एकमेकांना खाऊन टाकतात. आठ चॅनलना मिळून १६० मिलिसेकंद लागतात, त्यामुळे सेकंदाला एक फेरी आरामात बसते. या सेटिंगला बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये 'पॉवर लाइन सायकल' किंवा '५० हर्ट्झ रिजेक्शन' म्हणतात. परदेशी बनावटीची काही यंत्रे ६० हर्ट्झवर ठेवलेली येतात, ते पाहून घ्यावे.

फेब्रुवारी आणि मार्च उत्तम गेले. एप्रिलच्या मध्यावर चार चॅनल पुन्हा 'मर्यादेबाहेर' जाऊ लागले, आणि या वेळी तर ऑफिसच्या भिंतीवर टांगलेला, ड्रायरला न चिकटलेला पाचव्या चॅनलचा सेन्सरही त्यांच्यासोबत नाचू लागला. आम्ही पाचव्या चॅनलचा सेन्सर बदलला, तार बदलली, स्क्रू घासले. काहीही फरक पडला नाही.

याचे कारण यंत्राच्या आतील रचनेत आहे. अशा यंत्रात प्रत्येक चॅनलला स्वतंत्र मापक नसतो. एकच मापक आणि एकच वर्धक (अँप्लिफायर) असतो, आणि एक इलेक्ट्रॉनिक स्विच एकामागून एक चॅनल त्याच्यापुढे आणतो. चौथ्या चॅनलने वर्धकाला त्याच्या मर्यादेपलीकडे ढकलले, तर पाचवा चॅनल समोर येईपर्यंत तो पूर्ववत सावरलेला नसतो आणि चौथ्याचे पाप पाचव्याच्या नावावर लिहिले जाते. त्यामुळे दोन शेजारी चॅनल एकत्र बिघडले, तर फेरीत ज्याचा क्रम आधी आहे त्याच्यावर प्रथम संशय घ्यावा. खातरजमा करण्यासाठी तारा न हलवता फक्त फेरीचा क्रम बदलावा. बिघाड नव्या शेजाऱ्याकडे सरकला तर निदान पक्के झाले. मोकळ्या ठेवलेल्या चॅनलवर आधीच्या चॅनलचीच सावली दिसते तीही याच कारणाने, म्हणून न वापरलेले चॅनल कधीही मोकळे सोडू नयेत.

तिसरा हंगाम : मल्टिमीटरचे एक माप

डिफरन्शियल जोडणी दोन तारांमधला फरक मोजते हे खरे, पण दोन्ही तारा यंत्राच्या ग्राउंडच्या तुलनेत एका हद्दीतच राहिल्या पाहिजेत आणि सर्वसाधारण यंत्रात ही हद्द उणे-अधिक १० व्होल्ट असते. तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये, थ्री फेज चालू आणि हीटर चालू असताना, आम्ही सर्व थर्मोकपल टर्मिनलमधून सोडवून मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवला, एक टोक ड्रायरच्या खरवडलेल्या सांगाड्याला लावले आणि दुसरे यंत्राच्या ग्राउंड टर्मिनलला. मीटरवर १४ व्होल्ट आले. एसीचे १४ व्होल्ट म्हणजे शिखरावर जवळजवळ २० व्होल्ट, म्हणजे हद्दीच्या दुप्पट. तीन वर्षांचा गोंधळ त्या एका आकड्यात होता.

आता प्रश्न दोन उरले. हे व्होल्टेज येते कुठून, आणि ते उन्हाळ्यातच का वाढते?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पायाखाली होते. दख्खनच्या बेसाल्टपासून झालेली आमची काळी जमीन चिकणमातीची आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली असताना ही माती विजेला उत्तम वाट देते. कोरडी झाली की वाट अडते आणि त्यातही वाईट म्हणजे आकसताना ती अर्थिंगच्या पाइपला सोडून बाजूला सरते. शेडमागच्या खड्ड्याभोवती बोटभर रुंदीची गोल फट पडलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली. वायरमनच्या अर्थ टेस्टरवर त्या खड्ड्याचा रोध ६० ओहमच्या वर आला, तोच पावसाळ्यात आठच्या आसपास मोजला गेला. समजा ड्रायरमधून सांगाड्यावर उतरून जमिनीत जाणारी वीज, म्हणजे गळती, ०.२ अँपिअर आहे. ओल्या जमिनीत सांगाड्यावर १.६ व्होल्ट चढतील आणि लॉगरला कळणारही नाही. कोरड्या जमिनीत तीच गळती १२ व्होल्ट चढवेल. जुलैत घेतलेल्या आमच्या चाचणीला काडीचाही अर्थ का नव्हता, हे यावरून उघड होते.

गळती शोधण्यासाठी वायरमनला मेगर (विद्युत आवरण कुठे फुटले आहे ते तपासणारे यंत्र) घेऊन बोलावले. येथे एक इशारा ठळकपणे द्यावासा वाटतो : मेगर ५०० व्होल्ट सोडतो, त्यामुळे तो लावण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून लॉगरची प्रत्येक तार काढून ठेवावी, अन्यथा तपासणीतच यंत्र जळेल. ब्लोअरची मोटर ठीक निघाली. हीटरच्या तीन एलिमेंटपैकी एकावर मात्र काटा शून्यावरून हललाच नाही. टोकाजवळ त्याची नळी तडकलेली होती आणि आत हळदीची पिवळी भुकटी ओलसर होऊन बसली होती.

म्हणजे ज्या सांगाड्यावर माणसे अनवाणी, घामेजल्या हाताने ट्रे सरकवत होती, त्यावर तीन हंगाम वीज उतरत होती आणि पॅनेलमध्ये गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी नव्हता. लॉगरचे आकडे बिघडले म्हणून ते कळले. आपल्या शेडमध्ये सांगाडा आणि अर्थिंग यांच्यात काही व्होल्ट दिसले, तर लॉगरचा विचार नंतर करावा. आधी ड्रायर बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

काय केले आणि कोणत्या क्रमाने करावे

एलिमेंट बदलला आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. सांगाड्यावरील व्होल्टेज १४ वरून तीनवर आले. उरलेले तीन व्होल्ट त्याच डीपीवरील (ट्रान्सफॉर्मरवरील) आसपासच्या वावरांतील पंपांचे आहेत, असे आमचे अनुमान आहे, कारण पंप बंद असताना ते एकच्या खाली जातात. ते आमच्या हातात नाही, म्हणून लॉगरनेच ते सहन करावे अशी व्यवस्था करावी लागली. शेडचे आणि ऑफिसचे अर्थिंग जाड पट्टीने एकमेकांना जोडले, जुन्या पाइपपासून सुमारे सहा मीटरवर दुसरा तीन मीटरचा पाइप गाडून तोही त्याला जोडला, आणि लॉगर व लॅपटॉप यांच्यामध्ये यूएसबी आयसोलेटर (माहिती जाऊ देणारे, पण दोन्हींचे ग्राउंड अलग ठेवणारे उपकरण) टाकला. हे आयसोलेटर घेताना एक मर्यादा लक्षात ठेवावी : तो सर्व चॅनलना मिळून लॅपटॉपपासून अलग करतो, चॅनलना एकमेकांपासून नाही. एक सेन्सर ड्रायरवर आणि दुसरा वेगळ्या अर्थिंगच्या बॉयलरवर असेल, तर त्याचा उपयोग होणार नाही.

आयसोलेटर विकत घेण्यापूर्वी फुकटची चाचणी करावी. उड्या चालू असताना लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढून तो बॅटरीवर चालवावा. आकडे त्याच क्षणी शांत झाले, तर वाट चार्जरच्या अर्थिंगमधूनच जात आहे. येथे काही जण चार्जरची अर्थिंगची पिन कापून टाकतात. तो उपाय नव्हे. दोन पिनांच्या चार्जरवर लॅपटॉपचे आणि पर्यायाने लॉगरचे ग्राउंड चार्जरमधील कपॅसिटरमुळे शंभरेक व्होल्टवर तरंगू लागते. लॅपटॉपच्या धातूवर हात फिरवल्यावर येणाऱ्या झिणझिण्या त्याच्याच असतात.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे टोक नळीपासून अलग असलेले थर्मोकपल वापरणे. ते आम्ही शेवटी घेतले, आणि पहिल्याच दिवशी नवी अडचण आली. आकडे ३२ अंशांवरून हळूहळू चढत गेले आणि काही मिनिटांत पुन्हा 'मर्यादेबाहेर' झाले. आता दोन्ही तारांना कुठेच आधार नव्हता, आणि यंत्राच्या इनपुटमधून झिरपणारा अतिसूक्ष्म प्रवाह त्यांना हद्दीबाहेर वाहून नेत होता. प्रत्येक चॅनलच्या ऋण टर्मिनलपासून यंत्राच्या ग्राउंडपर्यंत १०० किलोओहमचा एकेक रोध जोडताच ते थांबले. त्यामुळे अलग टोकाच्या थर्मोकपलला हा रोध हवा आणि सांगाड्याला जोडलेल्या थर्मोकपलला तो लावू नये, ही गोष्ट जोडणीच्या कागदावर लिहून ठेवावी.

तारांच्या रंगांनीही एकदा फसवले. अमेरिकी पद्धतीच्या के-प्रकारात पिवळी तार धन आणि लाल तार ऋण असते, तर आंतरराष्ट्रीय पद्धतीत हिरवी धन आणि पांढरी ऋण. लाल म्हणजे धन या सवयीने जोडले की तापवल्यावर आकडा उतरतो आणि चूक लगेच कळते. पण जोडकेबलच्या दोन्ही टोकांना तारा उलट लावल्या गेल्या, तर दोन चुका एकमेकींना झाकतात, आकडा योग्य दिशेने चढतो आणि तरीही ड्रायरजवळचा जोड व लॉगरची टर्मिनलपट्टी यांच्या तापमानात जेवढा फरक असेल त्याच्या दुपटीने चुकतो. उन्हाळ्यात ड्रायरजवळ ५० आणि ऑफिसमध्ये ३५ अंश असताना ही चूक ३० अंशांची होते. जोडकेबल के-प्रकारचीच असावी. लांबी कमी पडली म्हणून मध्ये साधी तांब्याची वायर टाकू नये.

टर्मिनलपट्टीवर ऊन किंवा कूलरचा झोत येऊ देऊ नये, कारण यंत्र तिथले तापमान एकाच ठिकाणी मोजून सर्व चॅनलच्या हिशेबात मिळवते. आम्ही लॉगर पत्र्याच्या भिंतीवरून काढून आतल्या विटांच्या भिंतीवर, थर्माकोलच्या झाकणाखाली लावला. हंगामापूर्वी सर्व सेन्सर एकत्र बांधून बर्फ आणि पाण्याच्या लगद्यात व नंतर उकळत्या पाण्यात धरून पाहतो. आमच्या उंचीवर पाणी ९९ अंशांच्या थोडे वर उकळते, बरोबर १०० ची अपेक्षा धरू नये.

आता फेब्रुवारीपासून दर आठवड्याला दोन्ही अर्थिंगच्या खड्ड्यांत दोन-दोन बादल्या पाणी पडते आणि सालदार काका त्याच वहीत तारीख लिहून समोर मल्टिमीटरवरचा आकडा टिपतात. गेल्या एप्रिलमधील सर्वांत मोठा आकडा एका रात्रीचा, २.८ व्होल्ट आहे. बांधलेला आठवा चॅनल त्या रात्री अर्ध्या अंशाच्या आत राहिला.